ओट्याची उंची

आई: म्हणजे मी खुर्चीत बसलेली आणि जाऊबाई उभ्या, असं म्हणतंय का तुझं हे यंत्र?

लेक: थांब ना, आई. काहीतरी चुकलंय.

आई: चुकू दे की. पुन्हा म्हणायला लाव एकदा. या स्वयंपाकघरात इतकी करमणूक बऱ्याच दिवसांत झाली नाही.

पडदा (लेकीच्या लॅपटॉपचा, मोठ्यानं वाचून दाखवणारा): मेळ पहिला. व्यक्ती अ हिला ओटा उंच हवा. कोपराच्या खाली वीतभर, उभ्यानं काम करताना वाकावं लागू नये असा. व्यक्ती ब हिला ओटा खाली हवा. त्याखाली चाकांची खुर्ची गुडघ्यांसकट शिरावी. एका ओट्याला दोन उंची देता येत नाहीत. मेळ बसला नाही.

आई: अ म्हणजे जाऊबाई?

लेक: हो. ती मोठी म्हणून ती अ. तू ब.

आई: मान कळतो हो यंत्राला. अक्कल तेवढी यायचीय. चाकांच्या खुर्चीतल्या बाईला उंच ओटा आणि या शिडीला बुटका! लग्नात मला बघून बायका म्हणाल्या होत्या, नवरी आहे की दाराचा खांब? त्या खांबाला खुर्चीत बसवतंय हे.

लेक: हळू बोल. मोठी आई झोपलीय आत.

आई: कसल्या झोपतायत त्या. डोळे मिटून बॅगेत काय राहिलं ते आठवत असतील. चार दिवस लेकाकडे, बाळूकडे जायचं, तर गरम कपडेसुद्धा काढलेत बाई.

लेक: दादाकडे थंडी असेल.

आई: या दिवसांत? जाऊ दे. उद्या सकाळी बाळू त्यांना नेणार, मागोमाग गवंडी येणार ओटा फोडायला. धूळ बसली की बाळू आणून सोडणार. असं ठरलंय. म्हणून तर तुझ्या डोक्याशी बसलेय मी. ओटा असा झाला पाहिजे की परत आल्या आल्या त्यांना स्वतःच्या हातानं कांदा चिरता यावा. नुसतं बसून बघत राहावं लागलं ना, तर त्या इथे राहायच्या नाहीत. मी ओळखते त्यांना. दोघा भावांनी आम्हाला आणून एका स्वयंपाकघरात सोडलं आणि दोघंही निघून गेले. उरलो आम्ही दोघी आणि हा ओटा.

लेक: म्हणूनच करतेय ना मी हे.

आई: पण ऑफिसातही असाच गोंधळ घालतं का ते?

लेक: ऑफिसात झकास चालतं. एक पंप करायचा म्हटला की पाच खाती पाच तोंडांनी बोलतात. बसवणारे म्हणतात हलका हवा, दुरुस्तीवाले म्हणतात उघडायला सोपा हवा, विकणारे म्हणतात आवाज नको. पूर्वी आम्ही महिना महिना भांडायचो. आता सगळ्यांच्या गरजा यात टाकायच्या. सारख्या असतील त्या हे एकत्र करतं. एकमेकींच्या आड येतात त्या बाजूला काढून दाखवतं.

आई: शब्द जुळवून?

लेक: शब्द नाही गं, तेच तर. याला आधी जग शिकवावं लागतं. ओटा म्हणजे काय, त्याला उंची असते, उंचीवर वाकणं अवलंबून, वाकण्यावर पाठ अवलंबून, पाठ माणसाला असते. असं एकाला एक बांधत जाळं विणायचं. मग कुठली गाठ कुठे बसते, कुठे ताण येतो, ते त्याचं तेच शोधतं.

आई: नवी सून आणल्यासारखं. आधी डबे कुठे, चमचे कुठे ते दाखवायचं, मग तिनं न सांगता समजून घ्यायचं.

लेक: अगदी.

आई: ही सून कुणाच्या हाताखाली शिकली?

लेक: माझ्या.

आई: तरीच.

लेक: हस. तुम्हा दोघींना मी फोनवर वेगवेगळं विचारलं होतं ना, ते बोलणं तसंच्या तसं आत टाकलंय. मी स्वतः पुन्हा ऐकून बघितलंही नाही. समोरासमोर विचारलं असतं तर एक बोलली असती आणि दुसरीनं मान डोलावली असती.

आई: दुसरी म्हणजे मी.

लेक: आलटून पालटून. हं, हे बघ. तू म्हणालीस, ओटा खाली घ्या, खुर्ची आत गेली पाहिजे.

आई: जाऊबाईंची खुर्ची. मग काय माझी?

लेक: आणि मोठी आई म्हणाली, ओटा चांगला उंच करा, वाकायला लागता कामा नये.

आई: जाऊबाई? उंच? चेष्टा केली असेल तुझी. हाड मोडल्यापासून बसून आहेत. त्यांना कुठे वाकायला लागतंय?

लेक: तिला नाही, आई. तुला.

आई: मला?

लेक: सापडली चूक. माझीच आहे. ज्यानं गरज सांगितली त्याचीच ती, असं मी धरून चाललेय. कोणासाठी, हा रकानाच ठेवलेला नाही मी.

आई: का नाही ठेवलास?

लेक: लागलाच नाही कधी. ऑफिसात कुणी दुसऱ्यासाठी काही मागतच नाही.

आई: अवघड आहे तुमचं ऑफिस.

लेक: थांब, आता घालते. दोन मिनिटं लागतील, सगळी गणितं पुन्हा मांडायला लागतात त्याला. आई, हा ओटा इतका खाली का गं आहे मुळात?

आई: जाऊबाईंच्या मापाचा आहे. मी आले तेव्हा बांधून झाला होता. त्यांचं माप बघितलंस ना, मूर्ती लहान. पहिल्या दिवशी भांडं घासायला वाकले ती वाकलेच.

लेक: आणि बोलली नाहीस कधी?

आई: कुणाला बोलू? नवी सून येते आणि म्हणते ओटा फोडा? जाऊबाई बोलायच्या. म्हणायच्या, धाकटे, तुझ्यासाठी फरशीत खड्डा खणून घेऊ, त्यात उभी राहत जा. हसून हसून दूध उतू गेलं होतं त्या दिवशी. सासूबाईंनी दोघींनाही झापलं. मग राहून गेलं. बाळू मोठा झाला, तू झालीस, कुणाची शाळा, कुणाचं आजारपण. ओट्याकडे बघायला वेळ कुणाला? झालं का तुझं?

लेक: झालं. ऐक.

पडदा: मेळ दुसरा. उंच ओटा: सांगितला अ ने, ब साठी. खाली ओटा: सांगितला ब ने, अ साठी. व्यक्ती ब हिच्या सगळ्या गरजा अ साठी आहेत. व्यक्ती अ हिच्या सगळ्या गरजा ब साठी आहेत. डबे वरच्या फळीवर, कारण ब चा हात पोचतो. दिवा ब च्या डोक्यावर. नळ ब च्या उजव्या हाताला. बसायला स्टूल एक. व्यक्ती अ हिच्या बोलण्यात अ कुठेही नाही. या घरात एकच माणूस राहणार आहे, असं धरावं का?

लेक: हे काय विचारतंय?

आई: काय म्हणालं ते?

लेक: पुन्हा लावू?

आई: नको. पुन्हा नको लावूस.

लेक: आई, यंत्र आहे ते. त्याला दिसलं नाही म्हणून विचारलं त्यानं.

आई: मला तरी कुठे दिसलं? गरम कपडे. थोरल्या भाऊजींचा फोटो. परवा म्हणाल्या, धाकटे, भिंतीवरचा तो फोटो काढून दे, पुसायचाय. मीच काढून दिला. अजून खिळा रिकामा आहे, बघ.

लेक: चार दिवसांसाठी नाही चालली ती.

आई: नाही.

(चाकांचा आवाज. मोठी आई स्वतःच खुर्ची ढकलत स्वयंपाकघराच्या दारात येते.)

मोठी आई: कोण आलंय गं घरात? मघापासून अ अ ब ब चाललंय. मास्तर आहेत का कुणी?

लेक: माझं सॉफ्टवेअर बोलतंय, मोठी आई. ओट्याचं—

आई: चार दिवसांना फोटो नेतात का हो?

मोठी आई: कसला फोटो?

आई: भाऊजींचा.

मोठी आई: पुसायला काढला होता.

आई: मग पुसला?

मोठी आई: पुसला.

आई: आणि खिळ्यावर जायचा सोडून कुठे गेला?

मोठी आई: जरा डोळा लागला तर बॅगेची झडती घेतलीस होय माझ्या?

आई: बॅगेला हात नाही लावला. यंत्रानं सांगितलं.

मोठी आई: यंत्राला माझ्या बॅगेतलं काय कळतंय?

लेक: बॅगेतलं नाही गं. तू फोनवर जे सांगितलंस, त्यावरून. सगळं आईच्या मापाचं सांगितलंस. ओटा, डबे, दिवा, नळ. तुझं काहीच नाही. म्हणून त्यानं विचारलं, घरात एकच माणूस राहणार का?

मोठी आई: चुरूचुरू बोलायला शिकवलंस पोरी याला. गप्प बसायला शिकवायचं राहिलं.

आई: उत्तर द्या की त्याला.

मोठी आई: तू जरा बस आधी. अशी कमानीसारखी उभी राहू नकोस माझ्यासमोर.

आई: बसले. द्या उत्तर.

मोठी आई: बाळूकडे खोली रिकामी आहे. बायको चांगली आहे त्याची.

आई: आणि मी वाईट आहे.

मोठी आई: तू वाईट असतीस तर किती सोपं झालं असतं. सकाळी मला उचलून खुर्चीत घेतेस तेव्हा तुझ्या तोंडातून आवाज येत नाही.

आई: मग बरंच आहे की.

मोठी आई: येत नाही तेच. दात दाबून धरतेस. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडतेस आणि कण्हतेस. पाय गेलेत माझे, कान नाही गेले.

आई: नळ जुना झालाय. तो कण्हतो.

मोठी आई: असं का? मग नळाला शेक देतेस का दुपारी, भिंतीला टेकून? माझ्या मापाच्या ओट्यानं पाठ खाल्ली तुझी. आता ओटा फुटतोच आहे तर होऊ दे तुझ्या मापाचा. उरलेली वर्षं तरी ताठ उभी राहा. मी असले की पुन्हा खाली घ्यायला लागणार, आधी होता त्याहून खाली. मी नसले की वर घेता येतो. याला यंत्र कशाला लागतंय?

आई: आणि त्या उंच ओट्यावर ताठ उभी राहून मी करू काय? एका कपाचा चहा? एका कपाचा चहा करून बघितलाय कधी? भांड्याच्या बुडाशीच संपतो तो.

मोठी आई: सवय होईल.

आई: मीठ कमी पडलं म्हणून तोंड कुणी वाकडं करायचं?

मोठी आई: ते कमी असतंच तुझं.

आई: बघा! आत्ताही राहवलं नाही.

लेक: अगं, भांडू नका. ओटा दोन उंचींचा करता येईल कदाचित. अर्धा वर, अर्धा खाली—

मोठी आई: एवढ्याशा भिंतीला अर्धा वर, अर्धा खाली? हिला वळायला तरी जागा राहील का? नाकापेक्षा मोती जड. एका म्हातारीपायी घर उलटंपालटं करू नका.

लेक: जागेचं नंतर बघू. आधी एक करते. यात एक नवीन नियम घालते. झालं. आता बघ काय म्हणतंय.

पडदा: मेळ थांबला आहे. व्यक्ती अ हिची स्वतःसाठी निदान एक गरज हवी. व्यक्ती ब हिची स्वतःसाठी निदान एक गरज हवी. त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मोठी आई: लिही त्यात. मला काही नको.

पडदा: काही नको, ही गरज धरता येत नाही.

मोठी आई: उद्धट आहे.

आई: घरातल्या मोठ्यांच्या वळणावर गेलंय.

मोठी आई: बरं, लिही. धाकटीची पाठ दुखू नये.

पडदा: ही गरज ब साठी आहे.

मोठी आई: माझ्यासाठीच आहे, शहाण्या. तिच्या कण्हण्यानं मला झोप लागत नाही.

पडदा: ही गरज ब साठी आहे.

मोठी आई: पोरी, याला बंद कसं करायचं?

लेक: बंद नाही करायचं. तूच म्हणायचीस ना मला, हट्ट करायचा तर पुरता करावा? तोच शिकवलाय याला.

आई: सरका. मी लिहिते माझी. तोंडानं नाही सांगणार मी. दोघींनी तिकडे बघा, खिडकीकडे. ज कुठे आहे गं?

लेक: उजवीकडे, वरच्या ओळीत. एका बोटानं संध्याकाळ होईल.

आई: होऊ दे. तू इकडे बघू नकोस.

मोठी आई: गरज लिहितेय की पोथी?

आई: झालं. कुठलं बटण? हे? गेलं बाई आत. आता तुम्ही.

मोठी आई: मला नाही जमत असं. मागायची सवय नाही.

लेक: मागू नकोस. नुसतं सांग. तू दिवसभर या दारात खुर्ची लावून बसतेस. काय बघतेस?

मोठी आई: काय बघणार? हिची पाठ.

लेक: म्हणजे?

मोठी आई: ओटा भिंतीला, ही ओट्याला, पाठ माझ्याकडे. पूर्वी शेजारी शेजारी उभ्या असायचो. भांडायचो, पण तोंडाकडे बघून भांडायचो. आता ही काहीतरी बोलते, कढईच्या आवाजात मला अर्धं ऐकू येतं. मी काही बोलले की ही भिंतीला उत्तर देते. हसली की खांदे हलतात, तेवढे दिसतात. रडली तरी खांदेच हलतात. कुठलं काय, ते कळत नाही मला. आणि विचारावं तर म्हणणार, कांदा आहे.

आई: कांदाच असतो, जाऊबाई.

मोठी आई: कांदा न चिरतासुद्धा? गप्प बस आता. मागतेय मी, मध्ये बोलू नकोस. काम करताना हिचं तोंड दिसायला हवं मला. लिही. तेवढंच हवंय.

लेक: लिहिते.

पडदा: मेळ तिसरा. व्यक्ती ब हिची स्वतःसाठी गरज: जाऊबाई समोर बसलेल्या दिसाव्यात. व्यक्ती अ हिची स्वतःसाठी गरज: काम करताना धाकटीचं तोंड दिसावं. एकीला दुसरी समोरून दिसली की दुसरीलाही पहिली दिसते. एक गरज पुरी केली की दुसरी आपोआप पुरी होते. दोन्ही एकत्र करू?

मोठी आई: हे तू लिहिलंस मघाशी?

आई: मी तिकडे बघा म्हटलं होतं ना? आता तिकडेच बघा.

मोठी आई: आधी लिहिलंस तू. मी बोलायच्या आधी.

आई: चुकून आलं असेल. एका बोटानं काय नीट लिहिणार मी?

लेक: हा नियम मी मोठ्या यंत्रावरच्या दोन कामगारांसाठी घातला होता. एकाला दुसरा दिसत राहिला पाहिजे, म्हणजे कुणाचा हात सापडत नाही. मोठी आई, आई, ऐका ना. मी भिंत सोडतच नव्हते! ओटा भिंतीला लागूनच असणार, असं धरून बसले होते. मधोमध घेऊ या. इकडच्या बाजूनं आई उभी, कोपराखाली वीतभर. पलीकडच्या बाजूला फळी खाली उतरवायची, तिथे तुझी खुर्ची, गुडघ्यांसकट आत. उंचीचं भांडणच उरत नाही, दोघींच्या दोन बाजू. नळाची पाइप तेवढी फरशीखालून आणावी लागेल.

मोठी आई: आणि सकाळी उचलणार कोण? ही वाकणारच ना पुन्हा?

लेक: त्याला छोटी यारी बसवू पलंगाशी. झोळी लावायची, हँडल फिरवायचं. पंप तसेच उचलतो आम्ही.

मोठी आई: मला पंपासारखं उचलणार?

आई: पंपाला निदान तोंड नसतं.

मोठी आई: बघ, बघ. आत्ता हसलीस ते दिसलं मला.

पडदा: दोन्ही एकत्र करू?

मोठी आई: घाई काय आहे याला?

आई: उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही ते.

मोठी आई: आणि धूळ उडणार त्याचं काय?

आई: आतल्या खोलीत बसा, दार लावून, तोंडाला फडकं बांधून. तेवढेच चार दिवस तोंड बंद.

मोठी आई: आधी बाळूला फोन लाव. म्हणावं, उद्या न्यायला नको, नवा ओटा झाला की जेवायला ये. मीठ मी घालणार आहे म्हणावं.

लेक: आणि याला काय सांगू?

मोठी आई: कर म्हणावं एकत्र. किती वेळ ताटकळत ठेवायचं बिचाऱ्याला?

आई: बॅग सोडू?

मोठी आई: सावकाश सोड. सगळ्यात वर स्वेटर आहे, त्यात फोटो. तो तेवढा लाव आधी. तिथे तुझाच हात पोचतो.